परदेशी विद्यार्थी आणि कामाचा शोध

बंगळूर शहराच्या पूर्वेस, चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत, व्हाइटफील्ड नावाची वसाहत आहे. १८८२ साली म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वोडेयर यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन समाजाच्या एका संस्थेला सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. या संस्थेचे प्रवर्तक डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून वसाहतीला व्हाइटफील्ड हे नाव मिळाले. सरकारी खात्यांतील आणि रेल्वेतील नोकऱ्यांवर अवलंबून असलेल्या या समाजाला शेतीच्या आधारे स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे, हा त्यामागील हेतू होता. परंतु शेतीचा हा प्रयोग अपेक्षेप्रमाणे वाढला नाही, आणि पुढील शंभर वर्षे व्हाइटफील्ड हे बागा, बंगले आणि चर्च असलेले एक शांत खेडेच राहिले.

या खेड्याचे रूप पालटले ते १९९० नंतरच्या दशकात. भारत आणि सिंगापूर यांच्या सहकार्याने येथे आंतरराष्ट्रीय तंत्रज्ञान संकुल उभारण्यात आले. त्याच्या आसपास निर्यातीसाठी राखलेला औद्योगिक विभाग वाढला. जर्मनीतील सॅप कंपनीची संशोधन शाखा येथे आली. २००० साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने जॉन एफ. वेल्च यांच्या नावाचे तंत्रज्ञान केंद्र सुरू केले. २०२३ साली मेट्रो रेल्वेही काडुगोडीपर्यंत पोहोचली. आज सकाळच्या वेळी या मेट्रोतून उतरणाऱ्या तरुणांच्या गर्दीत कन्नड, तेलुगू, हिंदी, मल्याळम आणि मराठी या भाषा जशा कानी पडतात, तसे नेपाळहून, आफ्रिकेतील देशांतून किंवा पश्चिम आशियातून बंगळूरला शिकावयास आलेले विद्यार्थीही दिसतात.

या विद्यार्थ्यांच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो. एवढ्या मोठ्या कार्यालयांच्या शेजारी आपण शिकत आहोत. तेथे आपल्याला काम मिळेल काय? आणि त्याच मेट्रोत बसलेला, परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळवून निघण्याच्या तयारीत असलेला सोलापूरचा किंवा बेळगावचा विद्यार्थी हाच प्रश्न उलट दिशेने विचारीत असतो. तेथे गेल्यावर शिकता शिकता आपल्याला काम मिळेल काय, आणि घरच्यांनी काढलेले कर्ज फिटेल काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत प्रकरणात केला आहे.

शिकणारा आणि कमावणारा

परदेशी विद्यार्थ्याच्या कामाविषयी प्रत्येक देशाने काही ना काही बंधने घातलेली आहेत. ती समजून घेण्यासाठी त्यांमागील विचार प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. राज्यसंस्था परदेशी व्यक्तीला प्रवेश देते तो एका विशिष्ट हेतूसाठी. पर्यटक, विद्यार्थी, व्यापारी आणि नोकरदार यांचे व्हिसा वेगवेगळे असतात ते याच कारणाने. विद्यार्थी म्हणून आलेल्या माणसाने शिक्षणाचे निमित्त करून नोकरीच्या बाजारात शिरू नये, ही पहिली चिंता. परक्या मुलखातील गरजू तरुण कमी वेतनावर राबावयास तयार होतो आणि त्यामुळे स्थानिक कामगाराचे वेतनही खाली येते, ही दुसरी चिंता. मात्र शिक्षण पूर्ण केलेला हुशार तरुण आपल्या देशात राहिला तर देशाचा लाभच आहे, हेही सरकारांना कळते. बंधन आणि आकर्षण या दोहोंच्या ओढाताणीतून हे नियम तयार होतात आणि म्हणूनच ते वारंवार बदलतात.

येथे दोन शब्दांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. नोकरी म्हणजे वेतनासाठी नियमितपणे करावयाचे काम. आज ज्याला इंटर्नशिप म्हणतात ती याहून निराळी असते. तिच्यासाठी मराठीत उमेदवारी हा जुना शब्द आहे. पूर्वीच्या काळी कचेरीत पुढेमागे जागा मिळेल या आशेने काही दिवस विनावेतन किंवा अल्प वेतनावर काम शिकणाऱ्यास उमेदवार म्हणत. शिकणे हा उमेदवारीचा मुख्य हेतू असतो आणि मोबदला हा गौण. कायद्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण अनेक देशांत विद्यार्थ्याला नोकरीची मनाई असली तरी उमेदवारीस वाव असतो.

भारतातील नियम

भारतातील उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०१९-२० साली देशात ४९,३४८ परदेशी विद्यार्थी शिकत होते आणि त्यांच्या संख्येत कर्नाटकाचा क्रमांक पहिला होता. २०२१-२२ साली ही संख्या ४६,८७८ होती. हे विद्यार्थी १७० देशांतून आलेले होते. त्यांत नेपाळचे सर्वाधिक, म्हणजे सुमारे २८ टक्के होते. त्याखालोखाल अफगाणिस्तान, अमेरिका, बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती आणि भूतान या देशांचा क्रम लागतो.

या सर्वांना एकच नियम लागू होत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांचे तीन गट करता येतील.

पहिला गट नेपाळ आणि भूतान येथील विद्यार्थ्यांचा. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या प्रदेशात राहण्याची, मालमत्ता धारण करण्याची आणि व्यापार-व्यवसाय करण्याची मोकळीक दिली आहे. नेपाळी विद्यार्थ्याला भारतात येण्यासाठी व्हिसा लागत नाही आणि सामान्य खाजगी नोकरीच्या बाबतीत त्याची स्थिती बरीचशी भारतीय विद्यार्थ्यासारखीच असते. भूतानच्या नागरिकांनाही व्हिसाची आवश्यकता नाही. म्हणून काठमांडूहून आलेल्या विद्यार्थ्याने आपल्या अर्जातच ही गोष्ट स्पष्ट लिहावी. नेमणुका करणाऱ्या अधिकाऱ्याला हा करार ठाऊक असेलच असे नाही, आणि ‘परदेशी’ हा शब्द वाचताच अर्ज बाजूला ठेवला जाण्याचा संभव असतो.

दुसरा गट मूळच्या भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचा. अमेरिकेतून किंवा अमिरातीतून शिकावयास आलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण या गटात मोडतात. ज्यांच्यापाशी भारताच्या परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड आहे, त्यांना काही विशिष्ट क्षेत्रे वगळता नोकरीसाठी वेगळ्या व्हिसाची गरज पडत नाही.

तिसरा गट उरलेल्या सर्वांचा, आणि खरी अडचण आहे ती याच गटाची. केनिया, टांझानिया, येमेन, बांगलादेश किंवा अफगाणिस्तान येथून आलेला विद्यार्थी विद्यार्थी-व्हिसावर असतो आणि या व्हिसावर त्याला नोकरी करता येत नाही. उपाहारगृहात संध्याकाळचे काम, दुकानात हिशेब लिहिण्याचे काम किंवा एखाद्या कंपनीसाठी खोलीत बसून संगणकावर केलेले काम, यांपैकी कोणतेही काम मोबदला घेऊन केल्यास व्हिसाच्या अटींचा भंग होतो. १८० दिवसांहून अधिक मुदतीचा व्हिसा असलेल्या विद्यार्थ्याने भारतात आल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात नोंद करावयाची असते. बंगळूरमध्ये ही नोंदणी २०१८ पासून संगणकाद्वारे करण्याची सोय आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा परदेशी नागरिक कायदा आणि त्याच्या जोडीचे जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी एकच नवा कायदा लागू झाला आहे. अटभंगाचा परिणाम व्हिसा रद्द होण्यात आणि देश सोडण्याच्या आदेशात होऊ शकतो, ही गोष्ट मात्र जुन्या आणि नव्या व्यवस्थेत समान आहे.

या गटातील विद्यार्थ्याला कायद्याने मोकळ्या असलेल्या वाटा तीन आहेत. पहिली वाट अभ्यासक्रमातच अंतर्भूत असलेल्या उमेदवारीची. वैद्यकीय पदवीसाठी रुग्णालयात अनिवार्यपणे करावयाचे काम हे याचे उत्तम उदाहरण होय. अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन या विषयांच्या अनेक अभ्यासक्रमांतही असा प्रकल्प-काल विहित असतो. अशी उमेदवारी शिक्षणाचा भाग ठरते. तरीही महाविद्यालयाचे पत्र घेऊन नोंदणी कार्यालयाला आधी कळवावे आणि त्याचे लेखी उत्तर जपून ठेवावे, हेच शहाणपणाचे.

दुसरी वाट उमेदवारांसाठी असलेल्या स्वतंत्र व्हिसाची. तो शिक्षण संपल्यानंतर, फार काळ जाऊ न देता मागावा लागतो. त्याची मुदत उमेदवारीच्या कालावधीइतकी आणि फार तर एक वर्षाची असते. उमेदवारी एखाद्या कंपनीत करावयाची असेल तर किमान मोबदल्याची अट असते. शिक्षणसंस्था आणि स्वयंसेवी संस्था यांना ही अट नाही. कंपनी लहान असेल तर तिला ती अट परवडत नाही. अशा वेळी संशोधन संस्थेतील किंवा स्वयंसेवी संस्थेतील जागा अधिक सुलभ ठरते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तिसरी वाट नोकरीच्या व्हिसाची. येथे मुख्य अडसर वेतनाचा आहे. सर्वसाधारण नियमानुसार हा व्हिसा मिळण्यासाठी परदेशी नागरिकाचे वार्षिक वेतन १६ लाख २५ हजार रुपयांहून अधिक असावे लागते. म्हणजे दरमहा सुमारे १ लाख ३५ हजार रुपये. शिवाय ज्या कामासाठी पात्र भारतीय उमेदवार मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत, अशा नित्याच्या किंवा कारकुनी कामासाठी हा व्हिसा दिला जात नाही. विशिष्ट देशाचे पदार्थ करणारे आचारी, इंग्रजीखेरीज अन्य परकीय भाषांचे शिक्षक आणि दुभाषी यांना वेतनाच्या अटीतून सूट आहे. नुकत्याच पदवी घेतलेल्या अभियंत्याला व्हाइटफील्डमध्ये सामान्यतः जे वेतन मिळते, ते या मर्यादेच्या बरेच खाली असते. त्यामुळे महाविद्यालयात निवडीसाठी आलेल्या कंपनीला एखादा परदेशी विद्यार्थी पसंत पडला, तरी ती त्याला भारतातील जागा देऊ शकत नाही. दोष ना विद्यार्थ्याच्या गुणवत्तेचा असतो, ना कंपनीच्या इच्छेचा. हा हिशेब शेवटच्या वर्षी कळण्याऐवजी पहिल्या वर्षीच कळला, तर पुष्कळ निराशा टळू शकते.

या नियमांची झळ किती तीव्र असू शकते, हे ऑगस्ट २०२१ नंतर दिसून आले. अफगाणिस्तानातील सत्ता पालटली आणि भारतात शिकणाऱ्या अनेक अफगाण विद्यार्थ्यांना मायदेशी परतणे अशक्य झाले. घरून येणारा पैसा थांबला, अभ्यासक्रम संपत आला, आणि येथे नोकरी करण्याची परवानगीही नव्हती. विद्यार्थी ठरावीक काळाने घरी परत जाईल, या गृहीतावर सर्व नियम रचलेले असतात. घरच नाहीसे झाले तर काय, या प्रश्नाला त्यांत उत्तर नसते.

उमेदवारी कशी मिळवावी

असे असूनही व्हाइटफील्डसारख्या ठिकाणी शिकण्याचा लाभ परदेशी विद्यार्थ्याला घेता येत नाही, असे मात्र नव्हे. त्यासाठी शोधाची दिशा बदलावी लागते. येथील बहुतेक मोठी कार्यालये ही जगभर पसरलेल्या कंपन्यांच्या शाखा आहेत. ज्या कंपनीची एक शाखा व्हाइटफील्डमध्ये आहे, तिची दुसरी शाखा नैरोबीत किंवा दुबईतही असू शकते. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून येथे केलेले चार-सहा महिन्यांचे काम आणि वरिष्ठांनी दिलेले पत्र हे त्या दुसऱ्या शाखेत अर्ज करताना मोलाचे ठरते. म्हणून विद्यार्थ्याने प्रथम आपल्या मायदेशात आणि शेजारच्या देशांत कोणकोणत्या कंपन्या आहेत याची यादी करावी आणि त्यांपैकी कोणाचे कार्यालय बंगळूरमध्ये आहे हे पाहावे.

दुसरा मार्ग आंतरराष्ट्रीय विनिमयाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, युरोपात अशा दोन संस्था उदयास आल्या. तंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परदेशांत अल्पकालीन प्रशिक्षण मिळवून देणारी आएस्ते ही एक आणि अर्थशास्त्र व वाणिज्य यांच्या विद्यार्थ्यांनी चालविलेली आयसेक ही दुसरी. दोहोंचा विस्तार पुढे जगभर झाला. कर्नाटकातच, मणिपाळ येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात, आएस्तेची शाखा कार्यरत आहे. बंगळूरच्या इन्फोसिस कंपनीनेही १९९९ पासून परदेशी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांसाठी उमेदवारीची योजना चालविली आहे. अशा योजनांचा विशेष फायदा असा की, व्हिसाची व्यवस्था कशी करावयाची याचा अनुभव चालकांना असतो.

अर्जाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. एकच अर्ज शंभर ठिकाणी पाठविणारा विद्यार्थी श्रम पुष्कळ करतो, परंतु त्याचे फळ थोडे मिळते. त्याऐवजी दहा ठिकाणे निवडावी, प्रत्येक ठिकाणी कोणते काम चालते हे नीट वाचावे आणि त्या कामाशी जुळणारे आपले एखादे कृत्य ठळकपणे सांगावे. ‘मला यंत्रशिक्षणात रस आहे’ या वाक्यापेक्षा ‘पिकांवरील रोग छायाचित्रावरून ओळखणारी रचना मी तयार केली, तिच्या चुका अमुक ठिकाणी होतात’ हे वाक्य वाचणाऱ्याच्या मनात अधिक ठसते. आपण कोणत्या व्हिसावर आहोत, किती काळ काम करू शकतो आणि मोबदला घेऊ शकतो की नाही, हे अर्जाच्या शेवटी एका ओळीत लिहावे. हा प्रश्न पुढे येणारच असतो. तो आपणच आधी सोडविला म्हणजे समोरच्याची शंका दूर होते.

दूरच्या ओळखी

काम प्रत्यक्षात कसे मिळते, याचा अभ्यास अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी केला. त्यांचा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना त्यांनी विचारले की, ज्याने तुम्हाला ही माहिती दिली त्याची आणि तुमची भेट कितीशी होत असे? वारंवार, असे सांगणारे १७ टक्क्यांच्याही आत होते. सुमारे ५६ टक्क्यांनी अधूनमधून आणि सुमारे २८ टक्क्यांनी क्वचित, असे उत्तर दिले. कारण उघड आहे. जिवलग मित्रांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी वार्ता येते ती दूरच्या वर्तुळातून. परदेशी विद्यार्थी स्वाभाविकपणे आपल्याच देशाच्या मुलांत वावरतो. त्यातून धीर आणि जिव्हाळा मिळतो, परंतु कामाची वार्ता क्वचितच मिळते. म्हणून आधीच्या वर्गांतील विद्यार्थी, पाहुणे व्याख्याते, प्रयोगशाळेतील साहाय्यक आणि वाचनालयातील परिचित यांच्याशी संबंध राखणे अगत्याचे असते.

या तत्त्वाचे एक जुने उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. १८७८ साली गोपाळराव जोशी यांनी कोल्हापुरात काम केलेले अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिले. पत्नीला अमेरिकेत शिकता यावे म्हणून स्वतःला तेथे काही नोकरी मिळेल काय, अशी पृच्छा त्यांनी केली होती. धर्मांतराचा प्रश्न मध्ये आला आणि या विनंतीतून काहीच निष्पन्न झाले नाही. परंतु तो पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दंतवैद्याकडे गेल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. त्या ओळखीच्या आधारे १८८३ साली आनंदीबाई एकट्या अमेरिकेस गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. त्या अमेरिकेत असतानाच कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील जागेचे निमंत्रणही आले. ती जागा सांभाळण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. नोकरीसाठी केलेला मूळ अर्ज फसला होता. कामी आली ती एका अनोळखी वाचकाची सद्भावना.

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याचा हिशेब

आता उलट दिशेच्या प्रवासाकडे वळू. अमेरिकेत २०२३-२४ या वर्षी ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थ्यांची नोंद होती. त्यांपैकी ९७,५५६ जण पदवीनंतरच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाच्या काळात होते, म्हणजे दर दहांपैकी जवळजवळ तीन. शिक्षणानंतर काही काळ काम करण्याची ही मुभा बहुतेकांच्या निर्णयातील मुख्य गोष्ट असते.

तिचे स्वरूप देशादेशांत भिन्न आहे. अमेरिकेत सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. पदवीनंतर १२ महिने प्रशिक्षणार्थी म्हणून काम करण्याची परवानगी मिळते, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या पदवीधरांना २०१६ च्या नियमाने आणखी २४ महिन्यांची वाढ मिळू शकते. परंतु पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांहून अधिक काळ कामावाचून राहता येत नाही, हे अनेकांना उशिरा कळते. त्यानंतरचा नोकरीचा व्हिसा मर्यादित संख्येत, वर्षाला ६५,००० आणि उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० इतकाच असतो. मागणी याहून पुष्कळ अधिक असल्यामुळे तो निवड-सोडतीवर अवलंबून राहतो. ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. तेथे २०२१ साली सुरू झालेली पदवीनंतरची दोन वर्षांची मुभा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी, संशोधन पदवी वगळता, दीड वर्षावर आणण्याचे ठरले आहे. कॅनडाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आवाराबाहेरील कामाची मर्यादा आठवड्याला २४ तास केली. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून ती पंधरवड्याला ४८ तास आहे.

अशा आकड्यांचा अर्थ कसा लावावा, हे जर्मनीच्या उदाहरणाने पाहू. मार्च २०२४ पासून तेथे परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येते. २०२५ साली किमान वेतन तासाला १२.८२ युरो होते. दिवसाचे आठ तास धरले तर वर्षाचे १,१२० तास आणि त्यांचे १४,३५८ युरो होतात. व्हिसासाठी निर्वाह-खर्च म्हणून त्या वर्षी ११,९०४ युरो बँकेत राखून ठेवल्याचे दाखवावे लागत असे. कागदावर पाहता कमाई खर्चाहून अधिक दिसते आणि पुष्कळ कुटुंबे याच कागदावर विसंबून निर्णय घेतात. पण हा हिशेब कमाल मर्यादेचा आहे. पहिल्या दिवसापासून काम मिळाले, आजारपण आले नाही, परीक्षेचे आठवडे मोकळे ठेवावे लागले नाहीत आणि जर्मन भाषा कामापुरती येत होती, एवढ्या सर्व गोष्टी त्यात गृहीत धरलेल्या आहेत. म्हणून शोधाचे पहिले सहा महिने काहीच उत्पन्न होणार नाही असे धरून पैशाची तरतूद करावी, आणि अर्धवेळ कामातून फार तर जेवणाचा व वरखर्चाचा भार हलका होईल एवढीच अपेक्षा ठेवावी. शिक्षण-शुल्काचे कर्ज हॉटेलातील भांडी घासून फिटेल, ही समजूत सोडून देणेच बरे.

फसवणूक

गरज असते तेथे फसवणूकही पोहोचते. तिचे प्रकार जगभर सारखेच आहेत. नेमणुकीपूर्वी ‘अनामत’, ‘प्रशिक्षण शुल्क’ किंवा ‘व्हिसा-खर्च’ म्हणून पैसे मागितले जातात. मुलाखत न घेताच नेमणूकपत्र येते. पत्रातील कंपनीचे नाव खरे असते, पण पत्ता आणि पाठविणारा खोटा असतो. पारपत्र ‘सुरक्षिततेसाठी’ ठेवून घेतले जाते. यांपैकी एकही खूण दिसली तर तेथेच थांबावे. पारपत्र कोणत्याही मालकाच्या ताब्यात देऊ नये. नेमणूकपत्राची खातरजमा पत्रात दिलेल्या क्रमांकावर न करता कंपनीच्या मुख्य कार्यालयाशी स्वतंत्रपणे संपर्क साधून करावी.

याहून अवघड प्रकार म्हणजे नियमांच्या काठावरून चालण्याचा सल्ला. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात एक विद्यापीठ बनावट असल्याचे उघडकीस आले. ते तेथील सरकारी यंत्रणेनेच सापळा म्हणून चालविले होते. वर्ग न भरविता विद्यार्थी म्हणून नोंद कायम ठेवायची आणि काम करीत राहायचे, या लोभाने सुमारे सहाशे विद्यार्थ्यांनी तेथे नाव घातले होते. त्यांत बहुसंख्य भारतीय होते आणि त्यांपैकी शंभराहून अधिक जणांना अटक झाली. सापळा लावणे योग्य होते की नाही, यावर पुष्कळ वाद झाला. परंतु ज्या विद्यार्थ्यांनी परिचितांच्या सांगण्यावरून, संपूर्ण चौकशी न करता प्रवेश घेतला होता, त्यांचे शिक्षण आणि घरच्यांचा पैसा वादाच्या निकालापूर्वीच गेला. परदेशात आपल्या व्हिसाचे नियम स्वतः वाचणे आणि शंका आल्यास विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याला लेखी विचारणे, याला पर्याय नाही.

काम आणि निवारा

कामाच्या शोधाचा विचार करताना एका गोष्टीकडे बहुधा दुर्लक्ष होते. नोकरी मिळाली तरी जवळपास राहावयास जागा नसेल, तर ती टिकत नाही. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंडांची ही शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. म्हणजे नोकरी आधीच ठरलेली होती. परंतु १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले तेव्हा अस्पृश्यतेमुळे त्यांना शहरात कोणी जागा देईना. ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले होते, तेथून त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि थोड्याच दिवसांत त्यांना ती नोकरी सोडून मुंबईस परतावे लागले. परदेशात विद्यार्थी म्हणून ज्याला मोकळेपणा लाभला, तो स्वदेशात परका ठरला.

बंगळूरमधील परदेशी विद्यार्थ्यांनाही या प्रश्नाचा अनुभव येतो. रंगावरून आणि पोशाखावरून घर नाकारले जाणे ही त्यांची नेहमीची तक्रार आहे. २०१६ च्या आरंभी एका टांझानियन विद्यार्थिनीवर शहरातील जमावाने केलेल्या हल्ल्याने या तक्रारीमागील भीती किती खरी आहे, हे देशापुढे आणले. याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले शां. ब. मुजुमदार यांना वसतिगृहाची व्यवस्था पाहताना कावीळ झालेला मॉरिशसचा एक विद्यार्थी दिसला. एक मुलगी खिडकीतून त्याला जेवण पोहोचवीत होती. परदेशातून आलेल्या मुलांचे एकाकीपण त्या दृश्याने त्यांच्या ध्यानी आले आणि त्यातून १९७१ साली सिंबायोसिस ही संस्था जन्मास आली. विद्यार्थ्याला काम शोधण्याचे बळ यावे, यासाठी आधी त्याला आजारपणात विचारणारे कोणी तरी लागते.

भारतीय पालक आपल्या मुलांसाठी परदेशांकडून जी मुभा मागतात, ती भारतात शिकावयास आलेल्या इतरांच्या मुलांना बव्हंशी मिळत नाही, ही विसंगती आज उघड आहे. पदवीनंतर एक-दोन वर्षे, वेतनाच्या एवढ्या उंच अटीविना, काम करण्याची मर्यादित परवानगी द्यावी काय, हा धोरणकर्त्यांनी विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे. देशातील बेकार पदवीधरांची संख्या पाहता त्याचे उत्तर सोपे नाही; परंतु भारताने २०१८ पासून ‘स्टडी इन इंडिया’ या योजनेद्वारे परदेशी विद्यार्थ्यांना आमंत्रण दिले आहे, तेव्हा हा प्रश्न टाळताही येणार नाही. त्याचा निर्णय होईपर्यंत विद्यार्थ्याने आपल्यापुरती तयारी ठेवावी. पहिल्याच सत्रात व्हिसाच्या अटी वाचाव्या, दुसऱ्या वर्षापर्यंत दाखविण्याजोगे एखादे काम हातावेगळे करावे, अभ्यासक्रमातील उमेदवारीची संधी वाया घालवू नये आणि प्रत्येक परवानगी लेखी घेऊन तिची प्रत जपून ठेवावी. बंगळूरला आलेल्या आणि बंगळूरहून निघालेल्या, अशा दोन्ही विद्यार्थ्यांना हा क्रम सारखाच उपयोगी पडेल.